जाळीचं दार कधी उघडायचं? नाशिकच्या परसात भाजीपाला आणि कोंबड्या

मखमलाबादला घर बांधलं तेव्हा मागे वीस बाय तीस फुटांचं परस उरलं. पहिल्याच वर्षी मी त्यात मेथी, पालक, टोमॅटो लावले आणि त्याच महिन्यात सहा कोंबड्या आणल्या. मनात चित्र असं होतं की कोंबड्या वाफ्यांमधून फिरतील, किडे वेचतील आणि जाता जाता खत टाकतील. एका सकाळी त्यांना मोकळं सोडून मी कुकर लावायला आत गेले. तीन शिट्ट्या झाल्यावर बाहेर येऊन बघते तर बोटभर उंचीची मेथी मुळासकट उकरलेली, आणि त्या भुसभुशीत मातीत दोघी आडव्या पडून अंगावर धूळ उडवत होत्या.

कोंबड्यांचं त्यात काही चुकलं नव्हतं. कोंबडी पायाने उकरते, चोचीने वेचते, आणि मऊ, नुकती भिजवलेली माती तिला सगळ्यात जास्त आवडते. आपण पेरलेला वाफा म्हणजे नेमकी तशीच माती. तेव्हापासून आमच्याकडे बाग आणि कोंबड्या यांच्यामध्ये जाळी आहे, जाळीला दार आहे, आणि ते दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं यावरच सगळं चालतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. बाकीच्या गोष्टी ओघाने येतीलच.

आधी जागा आणि शेजारी

कोंबड्या आणायच्या आधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या. सोसायटी असेल तर तिचे नियम बघा, आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयातही विचारा. कोंबडा पाळायची गरज नाही, कारण अंड्यांसाठी तो लागत नाही. पिल्लं उबवायची असतील तरच लागतो. पहाटे चारला आरवणारा कोंबडा नसला की शेजाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी तशाच मिटतात.

चार-पाच माणसांच्या घराला पाच-सहा कोंबड्या पुरतात. खुराड्यात एकीला निदान दोन चौरस फूट जागा लागते. शक्य असेल तर चार द्या. बाहेरच्या जाळीबंद मोकळणीत एकीमागे दहा-बारा चौरस फूट धरा. आमचं खुराडं चार बाय सहा फुटांचं आहे, मोकळण आठ बाय दहाची, आणि उरलेल्या जागेत तीन वाफे. यापेक्षा जागा कमी असेल तर वाफे कमी करा, पण मोकळण कमी करू नका. दाटीत ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात आणि एकदा रक्त दिसलं की थांबत नाहीत.

खुराडं

परसातली सगळ्यात उंच, पाणी न साचणारी जागा निवडा. आपल्याकडच्या काळ्या मातीत जुलैमध्ये पाय रुततो, म्हणून खुराड्याखाली अर्धा-पाऊण फूट मुरूम टाकून चोपून घ्या. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचं ऊन थेट आत शिरत नाही. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूची भिंत बंद ठेवा आणि बाकीच्या बाजूंना वरचा अर्धा भाग जाळीचा करा. छपराखाली वीतभर हवेची फट हवीच. थंडीतही ती बंद करायची नाही. विष्ठेतून निघणारा अमोनिया आतच कोंडला तर कोंबड्यांचे डोळे चिकटतात आणि त्या शिंकायला लागतात.

जाळी घेताना षटकोनी भोकांची पातळ जाळी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश महाग पडते, पण मुंगूस, मांजर, घूस आणि साप तीच अडवते. जाळी जमिनीत फूटभर पुरा, नाहीतर मुंगूस खालून उकरून येतं. दाराला नुसती कडी न लावता कडीत अडकवायचा हूकही लावा.

मखमलाबाद, गंगापूर, देवळालीकडच्या मळ्यांच्या भागात राहणाऱ्यांना बिबट्याबद्दल वेगळं सांगायला नको. कोंबड्या आणि कुत्री यांच्या मागावर तो वस्तीत येतो. त्या भागात खुराड्याचं छप्पर आणि बाजू लोखंडी चौकटीच्या हव्यात, रात्री बाहेर दिवा हवा, आणि दिवेलागणीच्या आधी सगळ्या कोंबड्या आत गेलेल्या असायला हव्यात. मेलेली कोंबडी किंवा मांसाचा कचरा परसात उघडा टाकू नका.

आतमध्ये बसायला दांडी लावा. ती मनगटापेक्षा थोडी बारीक असावी आणि जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. एका कोंबडीला आठ ते दहा इंच जागा लागते. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद खोकी, चार-पाच कोंबड्यांमागे एक, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. ती दांडीपेक्षा खाली असू द्या, नाहीतर कोंबड्या रात्री त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

जमिनीवर भाताच्या तुसाची तीन-चार इंचांची गादी करा. घोटीच्या भात गिरण्यांमुळे तूस आपल्याकडे सहज मिळतं. रोज थोडं खालीवर करायचं, ओलं झालेलं काढायचं, वर नवं टाकायचं. ही गादीच पुढे बागेचं खत होते.

कोणत्या कोंबड्या, कुठून

पूर्ण गावरान कोंबडी काटक असते आणि खुडूकही, म्हणजे अंडी उबवायला, चांगली बसते, पण वर्षाला साठ-ऐंशी अंड्यांच्या आसपासच देते. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी या परसासाठी तयार केलेल्या जाती आहेत. बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने गिरिराज काढली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराज आणि ग्रामप्रिया. अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया किंवा कावेरी घ्या. कडकनाथचं नाव मोठं आहे, पण पहिल्या वर्षी अंड्यांसाठी मी ती सुचवणार नाही.

नवख्यांनी एका दिवसाची पिल्लं न घेता आठ-दहा आठवड्यांच्या, लसी झालेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्याव्यात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी उतरवावी लागते. वीज जाणाऱ्या घरात हे काम रात्रीची झोप घेतं. आणि रस्त्यावर पाटीतून विकली जाणारी रंगवलेली पिल्लं घेऊ नका. मी एकदा मुलांच्या हट्टाखातर दहा घेतली होती. विकणाऱ्याने सगळ्या कोंबड्याच आहेत असं सांगितलं. जगली चार, आणि चारही कोंबडे निघाले. अंड्यांच्या जातीतले नर हॅचरीला नको असतात, तेच असे स्वस्तात विकले जातात. त्यांना ना ऊब मिळालेली असते, ना लस.

खात्रीची पिल्लं कुठे मिळतील हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गोवर्धनजवळ यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथेही विचारता येतं. आणायला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. पाऊस ओसरलेला असतो, कडाक्याची थंडी यायला वेळ असतो, आणि मार्चपर्यंत त्या अंड्यावर येतात.

वाफे आणि दाराचं वेळापत्रक

बांधकामानंतर उरलेल्या परसात वरवर माती दिसते, खाली मात्र डबर आणि सिमेंटचे गोळे असतात. फूटभर खणून ते काढा. काळी माती, पोयटा (गाळाची माती) आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात मिसळून चार फूट रुंद, आठ-नऊ इंच उंच गादी वाफे करा. चार फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. वाफ्यांभोवती तीन-चार फूट उंच जाळी घ्या आणि प्रत्येक वाफ्याला मोकळणीकडून स्वतंत्र दार ठेवा. माझ्या वाफ्यांची दारं म्हणजे बांबूच्या चौकटीवर ताणलेली शेडनेट, सुतळीने बांधलेली. तेवढं पुरतं. वजनाने हलक्या गावरान कोंबड्या मात्र उडतात, त्यांच्या एका पंखाची लांब पिसं कात्रीने छाटा. पिसात रक्त दिसत असेल, म्हणजे ते वाढत असेल, तर ते कापायचं नाही.

आता दाराकडे येऊ. वाफ्यातलं पीक संपलं की दार उघडायचं. समजा डिसेंबरअखेर रोपं लावलेला रब्बी कांदा एप्रिलमध्ये निघाला. वाफा पुन्हा खणू नका, पाणीही देऊ नका. उरलेली कांद्याची पात आणि सालं उचलून घ्या आणि कोंबड्यांना त्या वाफ्यात सोडा. पंधरा-वीस दिवसांत त्या गवताचं बी, अळ्या, कोष, मुंग्यांची अंडी सगळं वेचतात आणि वरची तीन-चार बोटं माती उकरून मोकळी करतात. सातआठ दिवसांनी तुम्ही स्वतः एकदा कुदळीने वीतभर खोल माती पालटा. खालून पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, वर आली की कोंबड्या अक्षरशः तुमच्या कुदळीखाली येतात, तेव्हा घाव जपून घाला. पूर्वी मिरचीची रोपं मुळं खाल्ल्यामुळे उभ्या उभ्या वाळायची. कोंबड्या सोडायला लागल्यापासून तसं एखादंच रोप जातं.

वीस दिवसांनी दार लावायचं. त्या मातीत ताजी विष्ठा पडलेली असते आणि तिच्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. म्हणून त्या वाफ्यात लगेच कोथिंबीर, मुळा, गाजर, कांद्याची पात असं कच्चं खायचं आणि मातीला टेकणारं काही घेऊ नका. त्यासाठी चार महिने मधे जाऊ द्या. भेंडी, गवार, वांगी अशी मातीपासून उंच लागणारी आणि शिजवून खायची भाजी जूनच्या पावसावर खुशाल लावा. ती निघेपर्यंत ऑक्टोबर येतो, तेव्हा तोच वाफा मेथी-कोथिंबिरीला मोकळा होतो.

तीन वाफे असले की एक नेहमी कोंबड्यांच्या ताब्यात, दोन आपल्या. आमच्याकडे साधारण असं चालतं. जूनमध्ये भेंडी, गवार. सप्टेंबर-ऑक्टोबरला मेथी, पालक, कोथिंबीर आणि टोमॅटोची रोपं. डिसेंबरला कांदा, लसूण. जानेवारीअखेर उन्हाळी वेल. मेथी तर महिन्याभरात निघते, त्यामुळे दोन पिकांच्या मधे आठ दिवसांची फट मिळते. तेवढ्यासाठीही दार उघडता येतं, पण मग पुढचं पीक वर सांगितल्याप्रमाणे निवडा.

उभ्या पिकात कोंबड्यांना सोडायचंच असेल तर रोपं गुडघ्याच्या वर गेल्यावर, बुंध्याभोवती दगड किंवा विटा मांडून, संध्याकाळी शेवटचा अर्धा तास सोडा. त्या वेळी त्यांचं लक्ष खुराड्याकडे असतं, फार उकरत नाहीत. पिकलेल्या टोमॅटोच्या वाफ्यात मात्र तेवढाही वेळ नको. लाल दिसलं की चोच लागलीच.

गिलक्याचा मांडव ही आमच्या परसातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोकळणीच्या जाळीबाहेर दोन-दोन फुटांवर आळी करून गिलक्याचं बी लावते. मुळं बाहेर असल्याने कोंबड्यांच्या पायापासून सुरक्षित राहतात आणि वेल जाळीवरून वर चढून मोकळणीच्या छतावर पसरतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा खाली गडद सावली असते. दुपारी सगळ्या कोंबड्या त्या हिरव्या उजेडात पंख सैल सोडून बसलेल्या असतात, आणि वरून पिवळी फुलं गळाली की उठून टिपतात. दोडका, कारलं, दुधी, काहीही चालेल.

खत

कोंबडीची ताजी विष्ठा झाडाला कधी थेट घालायची नाही. नत्र इतकं जास्त असतं की मुळं करपतात. मी पहिल्या वर्षी मिरचीच्या सात रोपांना खुराड्यातलं ओलं ओंजळभर घातलं. चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि आठवड्यात सातही रोपं गेली.

खुराड्यातली तूस मिसळलेली एक पाटी विष्ठा आणि दोन-तीन पाट्या वाळका पाला, असे थर तीन फूट लांब-रुंद-उंच ढिगात लावा. पाणी इतकंच शिंपडा की मूठ दाबली तर ओल जाणवावी, थेंब गळू नयेत. दोन-तीन दिवसांत ढीग आतून तापतो. हात घालून बघा, चटका बसतो. दर आठ-दहा दिवसांनी बाहेरचं आत आणि आतलं बाहेर असं पालटा. नाकात झोंबणारा वास आला तर पाला कमी पडला आहे, आणखी मिसळा. ढीग तापतच नसेल तर एकतर कोरडा आहे किंवा खूपच लहान आहे.

दोन-तीन महिन्यांत खत काळसर होतं आणि मातीचा वास येतो. तरी मी एक परीक्षा घेते. रिकाम्या डब्यात अर्धं खत, अर्धी माती भरून त्यात मेथीचे दहा-बारा दाणे टोचते. पाच-सहा दिवसांत कोंब हिरवे आणि ताठ आले तर खत तयार. कोंब पिवळे पडले किंवा उगवलेच नाहीत तर ढीग आणखी तीन आठवडे झाकून ठेवते. तयार खत वाफ्यात शेणखताच्या निम्म्याने टाकलं तरी पुरतं.

दाणा-पाणी

मोठी कोंबडी दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाते, म्हणजे सहा कोंबड्यांना महिन्याला वीस किलोच्या आसपास. पहिले आठ आठवडे पिल्लांचं खाद्य, मग वाढीचं, आणि अंड्यावर आल्यावर लेअरचं. लेअरच्या खाद्यात चुनखडी जास्त असते. ते लहान तलंगांना घातलं तर मूत्रपिंडं बिघडतात, म्हणून घाई नको. जोडीला शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाते.

बागेतून मेथीची मुळं, पालकाची जून पानं, कोबीचा बाहेरचा पाला, मुळ्याचा पाला, किडकी वांगी हे सगळं चालतं. पण रोजच्या दाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर पोट हिरव्याने भरतं आणि अंडी कमी होतात. कांदा, कांद्याची सालं, बटाट्याची हिरवी सालं, टोमॅटोचा पाला, कच्चा राजमा, खारट उरलंसुरलं आणि बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा घालू नका. परसात कण्हेर, धोतरा, एरंड असतील तर ते जाळीबाहेर ठेवा.

नाशिकमध्ये एक गोष्ट जास्त जपावी लागते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षबागांचा पाला फुकट मिळतो, आणि बाजार उठल्यावर टोमॅटो-फ्लॉवरचा ढीग पडलेला असतो. त्यावर कोणती फवारणी कधी झाली हे आपल्याला कळत नाही. हे कोंबड्यांना घालायचं नाही. आपल्या वाफ्यातही रासायनिक फवारा मारला तर बाटलीवरची मुदत संपेपर्यंत दार बंद. उंदराचं औषध तर परसात नकोच, कारण औषध खाऊन मेलेला उंदीरही कोंबडी टोचते.

पाणी एकीला पाव लिटर, उन्हाळ्यात दुप्पट. भांडं सावलीत, विटेवर ठेवा म्हणजे त्यात माती उडत नाही.

ऋतूंप्रमाणे

एप्रिल-मेमध्ये दाणा पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी फक्त पाणी. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागल्या की छपरावर ओलं गोणपाट घाला आणि मोकळणीच्या कोपऱ्यात माती भिजवून द्या.

पावसाळ्यात सगळं लक्ष गादीवर. मूठभर तूस दाबून बघा, गोळा झाला तर ते ओलं आहे, काढून टाका. ओल्या गादीत रक्ती हगवण येते आणि लहान तलंगा दोन दिवसांत जातात.

थंडीत निफाडइतका नाही तरी इकडेही पारा सात-आठवर येतो. उत्तरेकडच्या जाळीला गोणपाट लावा. डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि कोंबडीला भरपूर अंडी द्यायला चौदा तासांच्या वर उजेड लागतो, म्हणून अंडी कमी होतात. काही जण पहाटे बल्ब लावतात. मी लावत नाही, तेवढा विसावा त्यांना मिळू देते.

आजार

मानमोडी, म्हणजे रानीखेत, हा परसातल्या कोंबड्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, आणि आठवड्यात खुराडं रिकामं होतं. औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात मानमोडीच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, मग गंबोरो या आजाराची लस, सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास देवी, आणि आठ-दहा आठवड्यांनी मानमोडीची टोचणी. नेमक्या तारखा पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. एक कुपी शंभरच्या वर पक्ष्यांना पुरते, म्हणून आजूबाजूचे चार-पाच पाळणारे मिळून एकाच दिवशी लस घ्या, आणि ती दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फातच आणा.

पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली, शेपूट खाली पडलेली कोंबडी दिसली की आधी तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवा, मग बाकीचा विचार करा. एकाच दिवशी दोन-तीन मेल्या तर पशुसंवर्धन विभागाला कळवा. २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. मेलेली कोंबडी नाल्यात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.

उवांसाठी मोकळणीत कोरड्या मातीचा एक खड्डा ठेवा, त्यात राख मिसळा. धूळ-आंघोळ त्यांची त्या करतात.

अंडी, आणि खुडूक बसली तर

अंडी दिवसातून दोनदा काढा. लगेच धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक थर जातो. धुवायचं असेल तर वापरायच्या आधी. मुलांना खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवायची सवय लावा.

एखादी कोंबडी खोक्यातून उठेना, हात घातला तर पिसं फुलवून गुरगुरली, तर ती खुडूक आहे. पिल्लं नको असतील तर तिला तीन-चार दिवस तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, हवेशीर जागी, दाणा-पाणी देऊन ठेवा. खालून वारा लागला की उतरते. पिल्लं हवी असतील तर कोंबडा असलेल्या घरून अंडी आणा. आमच्या सासूबाई दिंडोरीकडच्या, त्यांनी मला पहिल्यांदा अडवलं, "अगं, उजेडात नको ठेवूस, रात्री ठेव. सकाळी तिला वाटेल आपलीच आहेत." खरंच, रात्री गपचूप ठेवलेली अंडी कोंबडी सहज स्वीकारते. दहा-अकरा ठेवा, आठव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं सजीव, कोरं दिसलं तर काढून घ्या. एकविसाव्या दिवशी सकाळी खुराड्याजवळ कान द्या, कवच फुटायच्या आधीच आतून चिवचिव ऐकू येते. त्या दिवशी कोंबडीला उठवू नका, पाणी आणि बारीक कणी तिच्या चोचीजवळ ठेवा, आणि मोकळणीचं दार दुसऱ्या दिवशीपर्यंत बंदच राहू द्या.